नाल्यापुढचा माळ

“टेकडी अजून बोटभर पुढे घे,” दादा म्हणाला.

खळीत भिजवलेला वर्तमानपत्राचा तुकडा हातात धरून मी तशीच बसून राहिले. टेकडी थर्माकोलची होती, शेजारच्यांच्या टीव्हीच्या खोक्यातून निघालेल्या. तिच्यावर कागदाचे थर चढवून झाले होते. आता पातळ चिखलात बुडवलेलं गोणपाट अंथरायचं राहिलं होतं. वाळलं की त्याला खडकासारख्या सुरकुत्या पडतात. शाळेतल्या पोरांना दिवाळीचा किल्ला करायला मी हेच शिकवायची.

“मापात बसत नाही, दादा. इथे बोटभर म्हणजे तिकडे पुरुषभर अंतर.”

“त्या लाइनीवरून गाडी मी नेतो की तू?”

“तू.”

“मग घे पुढे.”

मी घेतली नाही. गोणपाट पिळायचं निमित्त करून मोरीत गेले.

माझा भाऊ भागवत खैरनार मालगाडीचा ड्रायव्हर होता. महिन्यापूर्वी देवदरी स्टेशनात शिरताना त्याची गाडी लाल सिग्नल ओलांडून पुढे गेली होती. आत प्लॅटफॉर्मला पॅसेंजर उभी होती, माणसांनी भरलेली. त्याचा असिस्टंट कादर शेख मागे इंजिनरूममध्ये तेलाची गळती बघायला गेला होता. तो परत आला, समोर बघून ओरडला आणि त्यानेच ब्रेक मारला. पॅसेंजरच्या शेवटच्या डब्यापासून काही हातांवर इंजिन थांबलं. कुणाला ओरखडाही आला नाही. पण दादा सस्पेंड झाला आणि चौकशी लागली.

दादाचं म्हणणं एकच होतं. वळणावरच्या टेकडीमुळे सिग्नल दिसत नाही. पाहणीला गेलेल्या मंडळींनी इंजिनातून जाऊन बघितलं होतं आणि सिग्नल लांबून दिसतो असं कळवलं होतं. दादाला त्या पाहणीला नेलं नव्हतं. तो म्हणायचा, त्यांनी नुसतं इंजिन नेलं असेल, तेही रमतगमत. भरलेल्या मालगाडीच्या वेगात सिग्नल टेकडीआडून बाहेर येतो तो डोळा मिटून उघडेपर्यंतच. चौकशी करणारे नाडकर्णी साहेब म्हणाले होते, “कसं ते दाखवा.” आणि दादाने सांगितलं होतं, दाखवतो.

दाखवायला त्याच्याकडे रूळ होते. एक म्हातारा अँग्लो-इंडियन ड्रायव्हर मुलीकडे ऑस्ट्रेलियाला जाताना आपली खेळण्यातली गाडी त्याला देऊन गेला होता. पितळी रूळ, विजेवर चालणारं हातभर लांबीचं इंजिन, चार डबे आणि वेग कमीजास्त करायची डबी. दादाने ते सगळं इतकी वर्षं पलंगाखालच्या ट्रंकेत जपून ठेवलं होतं. आता क्वार्टरच्या पुढच्या खोलीत प्लायवूडची फळी आडवी टाकून त्यावर त्याने कोळथाण ते देवदरी ही लाइन मांडली होती. रूळ त्याचे आणि बाकीचा मुलूख माझ्याकडे. मी नगरपालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवत होते आणि दादा-वहिनींकडेच राहत होते.

घर निम्म्या पगारावर चाललेलं, त्यामुळे विकत काही आणायचं नाही हे न बोलता ठरलेलं होतं. वखारीतून लाकडाचा भुसा आणला, चाळला, हिरव्या-पिवळ्या रंगात कालवून अंगणात वाळवला. ते झालं गवत. वहिनी चहाचा चोथा टाकून देईना, उन्हात पसरून ठेवायची. त्याची झाली काळी जमीन. फुटक्या विटेचा चुरा रुळाखाली खडी म्हणून अंथरला. वेलावर वाळलेली घोसाळी सोलून आतल्या जाळीचे तुकडे काटक्यांना लावले की कडुनिंब तयार. ज्वारीच्या ताटातला भेंड कापून घरं केली.

कुठे काय लावायचं ते दादा डोळे मिटून सांगायचा. ड्रायव्हरला लाइन पाठ असावी लागते, आणि त्याला ती पाठ होती.

“कोळथाण सुटलं की डाव्या हाताला चिंच. तिच्या पुढे गेटवाल्याची खोली, वर भोपळ्याचा वेल. मग उजवीकडे बंद पडलेली पाण्याची टाकी. मग नाला. तीन कमानींचा पूल.”

“नाल्यापुढे?”

“नाल्यापुढे काही नाही. माळ. मग एकदम टेकडी आणि वळण.”

“एवढ्या लांबीत काहीच नाही?”

“मंदे, मी सांगतोय ना.”

मी मोरीतून परत आले तेव्हा तो टेकडीच्या पायथ्याला ब्रशने हिरवा रंग देत होता. “साहेबांना मी सांगणार आहे,” तो म्हणाला, “की तुम्ही खाली वाका, इंजिनाच्या खिडकीच्या रेषेत डोळा आणा, आणि मग…”

तो तिथेच थांबला. मला वाटलं, शब्द शोधतोय. ब्रश फळीच्या वर तसाच धरलेला होता. त्यातून एक थेंब रुळावर पडला, मग दुसरा.

“दादा, रंग सांडतोय.”

त्याने ऐकलं नाही. ओठ किंचित हलत होते, काहीतरी चघळत असल्यासारखे. मी पुन्हा हाक मारली. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आली.

“तंद्री लागलीय त्यांची,” ती म्हणाली. “विचार करकरून डोकं शिणलंय.”

तेवढ्यात त्याने ब्रश खाली आणला. “…मग सांगा, सिग्नल दिसतो का,” असं म्हणून वाक्य पुरं केलं, आणि रुळावरचा रंग बघून माझ्यावरच चिडला. “कुणी सांडला हा?”

त्या क्षणी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझ्या डोक्यात टेकडी होती. खोटी टेकडी करायची नाही आणि खरी नेमकी कुठे आहे ते माहीत नाही, अशी माझी अडचण झाली होती. दादाला म्हटलं, आपण दोघं जाऊन जागा बघू. तो म्हणाला, चौकशी होईपर्यंत मी त्या बाजूला पाय ठेवणार नाही. तेव्हा मी कादरला निरोप पाठवला.

कादर मला एस.टी.ने कोळथाणला घेऊन गेला. तिथून आम्ही लाइनीच्या कडेच्या पायवाटेने चालत निघालो. कादर तिशीच्या आतला, उंच, एरवी बोलका पोरगा. त्या दिवशी मी विचारलं तेवढंच बोलत होता. चिंच होती. गेटवाल्याच्या खोलीवर वेल होता. टाकी होती, तिच्यावर बगळे बसले होते. दादाने सांगितलेलं एकेक खरं होत चाललं तसं मला बरं वाटू लागलं. कदाचित टेकडीचंही खरं असेल.

मग नाल्याचा पूल ओलांडला आणि मी जागीच उभी राहिले.

पुढे माळ नव्हता. म्हणजे एकेकाळी असेल. आता तिथे एक गाव वसलं होतं. ऊसतोड कामगारांचा तळ. पाचटाने शाकारलेल्या कोप्या, एकीला एक लागून, रुळाच्या अगदी कुंपणापर्यंत आलेल्या. कुंपणाच्या तारेवर लुगडी वाळत घातलेली, लाल, हिरवी, निळी. बैलगाड्यांची रांग. शंभरेक बैल तरी असतील. चुलींचा धूर लाइनीवरून पलीकडे जात होता. विहीर रुळाच्या त्या अंगाला होती आणि बायका डोक्यावर हंडे घेऊन रूळ ओलांडत ये-जा करत होत्या.

“हे कधीपासून आहेत इथे?” मी कादरला विचारलं.

“दिवाळीनंतर आले.”

“म्हणजे त्या दिवशी होते?”

“होते, ताई.”

“दादाला माहीत नव्हतं?”

“दिवाळीपासून साहेबांची ड्युटी दुसऱ्या बाजूला होती. या लाइनीवर त्या दिवशीच पहिल्यांदा आले.” तो पायाने खडी चाळवत राहिला.

नुसतं इंजिन असो की भरलेली मालगाडी, इथून जाणाऱ्या माणसाला हे दिसलं नाही असं होणं शक्य नव्हतं. खिडकीतून हात बाहेर काढला असता तर लुगड्याला लागला असता.

एक बाई रिकामा हंडा घेऊन कुंपणाशी येऊन उभी राहिली. चाळिशीची, रापलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आम्ही मापं घ्यायला आलो म्हणजे कोप्या उठवायला आलो असं तिला वाटलं असावं.

“कोन तुमी? रेल्वेचे का?”

मी म्हणाले, “नाही बाई, शाळेत शिकवते. मागे इथून पुढे एक मालगाडी चुकून स्टेशनात गेली होती ना, तिची जागा बघायला आलो.”

“ती व्हय,” ती म्हणाली. हंडा खाली ठेवला. “त्या गाडीनं मला मारलंच होतं. भोंगा दिला न्हाई मेल्यानं. समदे देतात. नाला आला की भोंगा, नाला आला की भोंगा, आमची लेकरंबी तेवढ्यावर थांबतात. ती गाडी मुकीच आली. म्या दोन हंडे घेऊन मधोमध. उडी टाकली म्हून वाचले. हंड्यांचा पत्रा झाला.”

“इंजिनात कुणी होतं?”

“व्हता की. खिडकीत बसला व्हता, ह्या अंगाला. म्या पडल्या पडल्या त्याला शिव्या घातल्या. त्यानं माझ्याकडंच तोंड केलं व्हतं.” ती थांबली. चढलेला आवाज खाली आला. “पर बाई, त्यो बघत नव्हता. डोळे उघडे, तोंड हाललं जरासं, काई खात असल्यावानी. पर बघत नव्हता. म्या घरी येऊन मालकाला बोलले, त्या गाडीत मेलेलं मानूस बसवलंय.”

मला घोसाळ्याची झाडं दिसेनात, टेकडी दिसेना. दादाच्या ब्रशमधून फळीवरच्या रुळावर पडलेले हिरवे थेंब दिसू लागले.

बाईचं नाव गयाबाई. बीडकडची. तिला मी काहीतरी बोलून तिथून निघाले. वळणाशी टेकडी होती. रुळापासून चांगली लांब. सिग्नल तिच्या किती तरी आधीपासून दिसत होता. मी माप घेतलं नाही. गरज नव्हती.

परतीच्या वाटेवर कादर आपणहून बोलला. “मी आत आलो तेव्हा साहेब सीटवर सरळ बसले होते. मी ओरडलो, सिग्नल, सिग्नल. ते हललेच नाहीत. मी ब्रेक मारला, गाडी थांबली, मग म्हणाले, काय झालं रे?”

“हे तू चौकशीत सांगितलं नाहीस.”

“नाही सांगितलं. सिग्नल चुकवला तर शिक्षा होते, ताई. अपील करून लोक परत येतात. हे सांगितलं असतं तर ते कायमचे उतरले असते. मला इंजिनावर त्यांनी शिकवलंय.”

“आणि परत गाडीवर गेल्यावर असंच झालं तर?”

 तो प्रश्न कादर महिनाभर एकटाच बाळगत होता, हे त्याच्या तोंडावरून कळत होतं.

मी तळावरून पिशवीभर पाचट आणलं होतं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर ते बारीक कापून कोप्या केल्या. काड्यापेटीतल्या काड्यांचा सांगाडा, वर पाचट. जुन्या लुगड्यांचे दोरे कुंपणाला अडकवले. बैल मातीचे. टेकडी रुळापासून लांब, तिच्या खऱ्या जागी सरकवली. वहिनी येता-जाता बघत होती. दादा संध्याकाळी युनियनच्या लोकांना भेटून आला तेव्हा नाल्यापुढची सगळी पट्टी भरली होती.

चपला काढता काढता त्याचं लक्ष गेलं. “हे काय लावलंस?”

“कोप्या. ऊसतोडीवाल्यांच्या.”

“तिथे कुठे आहेत कोप्या? तिथे माळ आहे.”

“मी बघून आले, दादा.”

“आत्ता आले असतील.”

“दिवाळीपासून आहेत. त्या दिवशी होते. बैल होते, बायका होत्या, कुंपणावर लुगडी होती. तुझ्या हाताच्या अंतरावर.”

तो फळीपाशी आला. वाकून बघू लागला. मी त्याला सगळं सांगितलं, भोंग्याचं, विहिरीचं, गयाबाईचं. ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत सांगितलं, फक्त मेलेल्या माणसाचं वगळून.

“तिला लागलं?” त्याने विचारलं.

“नाही. हंडे गेले.”

तो खुर्चीवर बसला. दोन्ही तळवे गुडघ्यांवर घासले. मग म्हणाला, “कुणाला बोललीस?”

“कुणालाच नाही.”

“मग काढ त्या.”

“दादा…”

“ऐक. निष्काळजी म्हणतील ना, म्हणू देत. शिक्षा भोगून माणसं परत चढलीत इंजिनावर. हे जर कागदावर गेलं तर मी जन्मात चढणार नाही. मला दुसरं काय येतं, मंदे? अठराव्या वर्षापासून मी तेवढंच करतोय. झोप झाली नव्हती त्या दिवशी. एकदा झालं.”

“एकदा नाही झालं. परवा ब्रश हातात होता तेव्हा झालं.”

“रंग तू सांडलास.”

“तू सांडलास. मी दोन हाका मारल्या. तुझ्या कानावर नाही आल्या.”

तो उठला. मला वाटलं, मारतोय. त्याने हात फिरवला आणि कोप्या फळीवरून खाली उडवल्या, बैल, कुंपण, सगळं. मग चपला न घालताच बाहेर निघून गेला.

वहिनी आतून आली. पदराला हात पुसले आणि फरशीवर बसून एकेक कोपी गोळा करायला लागली. मोडलेल्या वेगळ्या, धड वेगळ्या.

“खळ उरलीय का, ताई?” तिने विचारलं.

मी वाटी पुढे केली.

“गेल्या वर्षी पहिल्यांदा बघितलं मी,” ती खाली मान घालूनच बोलत होती. “जेवताना. घास हातात तसाच. विचारलं तर म्हणाले, झोप पुरत नाही. मग मी पण तंद्रीच म्हणत आले. दुसरं काही म्हणायची भीती वाटायची. ते ड्युटीवर गेले की दारातून हलवायचं नाही मला. गाडीत त्यांच्या मागे किती माणसं असतात असा विचार यायचा. मग मनाला सांगायचे, मालगाडी आहे, माणसं कुठली.”

तिने पहिली कोपी उचलून आपल्या हाताने फळीवर चिकटवली. नीट नाल्यापुढे, कुंपणाला लागून.

चौकशीच्या दिवशी फळी टेम्पोतून नेली. दादाने सकाळी कोप्या बघितल्या होत्या. एका कोपीला बोट लावलं, पण काढली नाही. तो काय करणार हे आम्हा दोघींना कळायला मार्ग नव्हता, कारण दोन दिवसांत तो आमच्याशी बोलला नव्हता. आणि मला आणखी एक गोष्ट डाचत होती. मी त्याला सगळं सांगून बसले होते. आता त्याला कुणीही विचारलं तरी तो कोप्या किती, लुगडी कुठे, विहीर कुठल्या बाजूला, सगळं बिनचूक सांगू शकला असता. त्याने त्या दिवशी काही बघितलं नव्हतं याचा पुरावा मीच पुसून टाकला होता.

मांडणी जोडायला मी लागणार म्हणून मला आत येऊ दिलं. वहिनी बाहेर बाकावर बसली. खोलीत नाडकर्णी साहेब, लिहून घेणारा कारकून, युनियनचा माणूस आणि भिंतीपाशी कादर. साहेब वयस्क, शांत, थोडे जाड. फळीकडे बघून त्यांचा चेहरा सैलावला. “कशाची केलीत ही झाडं?” त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. त्यांनी वाकून एक कडुनिंब जवळून बघितला.

“हं. दाखवा, खैरनार.”

दादाने डबीवरचं बटण फिरवलं. इंजिन कोळथाणहून सुटलं. चिंच गेली, गेटवाल्याची खोली गेली, टाकी गेली. इंजिन पुलावर आलं.

“थांबवा जरा,” साहेब म्हणाले. ते कोप्यांकडे बघत होते. “हा तळसुद्धा केलात. बरोबर आहे. पाहणीच्या वेळी बायका एकसारख्या आडव्या येत होत्या, आम्हाला हॉर्नवर हात ठेवूनच जावं लागलं.” मग सहज विचारावं तसं, “तुम्ही त्या दिवशी इथे हॉर्न दिला होता?”

कारकुनाने पेन टेकवलं. कादरने मान खाली घातली. युनियनचा माणूस दादाकडे बघून अगदी थोडीशी मान हलवत होता, हो म्हण, हो म्हण. एवढ्या शब्दावर काम होत होतं. गयाबाईला साक्षीला कुणी बोलावलं नव्हतं, आणि तिच्याबद्दल आम्हा तिघांशिवाय त्या खोलीत कुणाला माहीत नव्हतं. दादा हो म्हणाला असता तर मी तोंड उघडलं असतं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

 बटण हळूच फिरवून दादाने इंजिन पुलावरून पुढे आणलं आणि कोप्यांच्या शेजारी उभं केलं. खिडकी कोप्यांकडे होती.

“साहेब,” तो म्हणाला, “या कोप्या मी पहिल्यांदा बघितल्या त्या या माझ्या बहिणीने केलेल्या. आमच्या घरी.”

“म्हणजे?”

“त्या दिवशी मला त्या दिसल्या नाहीत. बैल दिसले नाहीत, बायका दिसल्या नाहीत. एक बाई मरता मरता वाचली, तीही दिसली नाही. नाला मला आठवतो. नंतर कादरचं ओरडणं आठवतं. मधलं माझ्याकडे काही नाही.”

“झोप लागली होती?”

“डोळे उघडे होते. त्या बाईने बघितलंय. घरी पण होतं असं, बायको आणि बहीण सांगतात. मला ते झालेलं कळत नाही.” त्याचा हात अजून बटणावरच होता. “टेकडीचा काही दोष नाही. ती जागेवर आहे तिथेच केलीय हिने.”

साहेबांनी चष्मा काढला. “खैरनार, तुम्ही काय बोलताय त्याचा अर्थ तुम्हाला कळतोय ना?”

“ड्रायव्हर आहे साहेब. कळतो.”

“हे लिहून घेऊ?”

दादाने डबीची तार उपटली. “घ्या,” तो म्हणाला.

पुढचं सगळं दवाखान्यांत गेलं. डोक्याला तारा लावून आलेख काढले. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, ही फिटच आहे. फक्त यात माणूस पडत नाही, हातपाय झाडत नाही, नुसता थोडा वेळ नसल्यासारखा होतो. गोळ्यांनी आटोक्यात राहील, पण इंजिन बंद. शिक्षा टळली. दादाला स्टोअरमध्ये टेबलावरचं काम मिळालं. ड्रायव्हर लोक कामावर जाताना त्याच्या खिडकीवरून जायचे. तो खिडकीकडे पाठ करून बसायचा.

माझ्याशी तो कामापुरतं बोलायचा. भाजी आण, दार लाव. वहिनी म्हणायची, येईल, वेळ लागेल. मी दुसरीकडे खोली बघायला सुरुवात केली होती. तसा पावसाळा गेला, दिवाळी गेली. आणि एका शनिवारी संध्याकाळी तो माझ्या दारात येऊन उभा राहिला.

“उद्या मोकळी आहेस?”

“आहे.”

“ती बाई कुठे भेटते ते दाखव.”

वाटेत बाजारातून त्याने तांब्याचे दोन हंडे घेतले. एस.टी.त एक त्याच्या मांडीवर, एक माझ्या.  कोळथाणहून चालत निघालो. नाल्याच्या पुलापर्यंत तो माझ्या पुढे होता. पूल ओलांडल्यावर मागे पडला. टोळ्या त्या वर्षीही तिथेच उतरल्या होत्या. मला धाकधूक होती की गयाबाई आली असेल की नाही. ती आली होती. कोपीपुढे भाकरी थापत बसली होती. तिने मला ओळखलं, दादाला नाही.

“ह्ये कोन?”

मी सांगणार तेवढ्यात दादाच बोलला. “मागच्या साली तुम्हाला हंडे टाकून उडी मारायला लागली. ती गाडी मी चालवत होतो.”

गयाबाईचा हात पिठात थांबला. तिने त्याच्याकडे वर बघितलं, चेहरा ओळखीचा लागतो का ते पाहावं तसं. आजूबाजूच्या बायका गोळा होऊ लागल्या. मला वाटलं, आता शिव्या बसणार. दादालाही तेच वाटलं असावं. तो हंडे जमिनीवर ठेवून हात जोडल्यासारखा उभा होता.

“बरं नव्हतं का तुला तवा?” तिने विचारलं.

“नव्हतं. मला माहीत नव्हतं.”

“आता?”

“गोळ्या घेतो. गाडी सोडली.”

“सोडलीस,” ती म्हणाली. तव्यावरची भाकरी उलटली. “हंड्यापायी यवढ्या लांब आलास? कुनाच्या हाती धाडायचे.”

“हंड्यांसाठी नाही आलो,” दादा म्हणाला. तो तिच्यासमोर उकिडवा बसला, तिच्या डोळ्यांच्या रेषेत. “त्या दिवशी तुम्हाला बघायचं राहून गेलं होतं.”